न लावता उगवणारा रानटी ग्लॅडिओलस
फुलबाजारातील दांड्याचे रानातले आप्त. कुठे पाहुणे, कुठे तण

ग्लॅडिओलस म्हटले की शहरी वाचकाच्या डोळ्यांसमोर येतो तो फुलवाल्याच्या बादलीत उभा असलेला उंच, ताठ दांडा. सत्कार समारंभातील पुष्परचना, लग्नाचे व्यासपीठ आणि दिवाणखान्यातील फुलदाणी ही त्याची नेहमीची ठिकाणे. मोजून लावलेला, आधाराला काठी दिलेला, पहिली कळी रंग दाखवू लागताच कापलेला असा हा शिस्तीतला फुलझाडांचा गडी आहे. त्यामुळे या फुलाचे रानात, कोणी न लावता उगवणारे भाऊबंदही आहेत, हे अनेकांच्या गावीही नसते.

भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांत मात्र हे दृश्य नवे नाही. इटली, ग्रीस, सायप्रस, इस्रायल, स्पेन या देशांत वसंत ऋतूत ऑलिव्हच्या झाडांखाली, गव्हाच्या शेतात, रस्त्याच्या कडेला आणि घराच्या अंगणातही किरमिजी-गुलाबी फुलांचे नाजूक तुरे दिसू लागतात. मालकाने कंद आणलेला नसतो, वाफा खणलेला नसतो. एके वर्षी गवतात एक तुरा दिसतो आणि काही वर्षांत त्या जागी लहानसा ताटवा होतो. अशा आगंतुकाचे काय करायचे, त्याला राहू द्यायचे की उपटायचे, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. त्याचे उत्तर ही बाग पृथ्वीच्या कोणत्या भागात आहे, यावर अवलंबून असते.

छोट्या तलवारीचे कुळ

ग्लॅडिओलस हा आयरिस कुळातील (इरिडेसी) वंश. लॅटिन भाषेत 'ग्लॅडिअस' म्हणजे तलवार आणि 'ग्लॅडिओलस' म्हणजे छोटी तलवार. पंख्यासारखी दोन बाजूंना पसरणारी, टोकदार आणि शिरा उठून दिसणारी पाने पाहिली की हे नाव का पडले, हे सांगावे लागत नाही. या वंशात सुमारे ३०० जाती आहेत. त्यांतील बहुसंख्य आफ्रिका खंडातील असून दक्षिण आफ्रिका हे त्यांचे मुख्य माहेर मानले जाते. पीटर गोल्डब्लाट आणि जॉन मॅनिंग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एकट्या दक्षिणेकडील आफ्रिकेतील १६३ जातींची नोंद आहे. युरोप, भूमध्य परिसर आणि तेथून मध्य आशियापर्यंतच्या पट्ट्यात मात्र जेमतेम दहाच्या आसपास जाती आढळतात.

या मूठभर जातींचा माणसाशी परिचय फार जुना आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक विचारवंत थिओफ्रास्टस याने वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात तलवारीच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा एका झाडाचे वर्णन केले आहे. त्याचा कंद शिजवून, कुटून पिठात मिसळला तर भाकरी गोड होते, असे तो सांगतो. जमिनीत बिळे करणारा प्राणी हे कंद गोळा करून ठेवतो, असेही निरीक्षण त्याने नोंदवले आहे. सुमारे २,३०० वर्षांपूर्वीची ही नोंद आजही उपयोगाची आहे, कारण या झाडाच्या चिवटपणाचे सारे रहस्य जमिनीखालीच दडलेले आहे.

शेतातला आणि बागेतला

भूमध्य परिसरातील बागेत आपण होऊन उगवणारा ग्लॅडिओलस बहुधा दोहोंपैकी एका जातीचा असतो.

पहिली जात 'ग्लॅडिओलस इटॅलिकस'. इंग्लंडमधील उद्यानतज्ज्ञ फिलिप मिलर याने १७६८ मध्ये तिचे शास्त्रीय नामकरण केले. ही मुळात धान्याच्या शेतातली रहिवासी. साधारण अर्धा ते एक मीटर उंचीचा दांडा आणि त्यावर विरळ अंतराने लागलेली सहा ते सोळा फुले असे तिचे रूप असते. उष्ण प्रदेशात ती मार्च-एप्रिलमध्ये, तर उत्तरेकडे मे-जूनपर्यंत फुलते.

दुसरी जात 'ग्लॅडिओलस कम्युनिस'. कार्ल लिनिअसने १७५३ मध्येच तिची नोंद केली होती. तिचा 'बायझँटिनस' हा गडद किरमिजी प्रकार युरोपातील बागांमध्ये विशेष लोकप्रिय आहे. बरेच अभ्यासक त्याला कम्युनिसचीच उपजात मानतात. जॉन पार्किन्सन या इंग्रज वनस्पतीतज्ज्ञाने १६२९ मधील आपल्या ग्रंथात त्याचा उल्लेख कॉन्स्टँटिनोपलचा म्हणून केला आणि तेव्हापासून बायझँटियम, म्हणजे आजच्या इस्तंबूलचे नाव त्याला चिकटले. प्रत्यक्षात त्याची नैसर्गिक वस्ती दक्षिण स्पेन, सिसिली आणि उत्तर आफ्रिकेच्या बाजूला आहे. व्यापाऱ्यांच्या वाटेने आलेल्या वस्तूला अखेरच्या बंदराचे नाव पडते, तसाच हा प्रकार.

या दोन जाती वरकरणी इतक्या सारख्या दिसतात की जाणकारही घोटाळ्यात पडतात. फरक ओळखण्याच्या दोन खुणा आहेत. फुलातील पुंकेसराचे टोक, म्हणजे परागकोश, त्याच्या देठापेक्षा लांब असेल तर ते झाड इटॅलिकस समजावे. तो देठाएवढा किंवा त्याहून आखूड असेल तर कम्युनिस. दुसरी खूण बियांची. कम्युनिसच्या बीला कागदासारखा पातळ पंख असतो, इटॅलिकसच्या बीला तो नसतो. ही तपासणी निरुपयोगी नाही. कंदांच्या बाजारात 'बायझँटिनस' या नावाखाली फिकट आणि किरकोळ फुलांच्या भलत्याच जाती विकल्या जाण्याचा प्रकार युरोपातील बागप्रेमींच्या चांगला परिचयाचा आहे. खऱ्या बायझँटिनसचा कंद तेथे शोधून घ्यावा लागतो.

जमिनीखालचा कारभार

या झाडाचा कंद कांद्यासारखा पापुद्र्यांचा नसतो. तो भरीव असतो आणि त्यावर तंतुमय आवरण असते. दरवर्षी झाड वाढू लागले की जुना कंद आपला साठा खर्च करून सुकतो आणि त्याच्याच माथ्यावर नवा कंद तयार होतो. असे दरवर्षी होत राहिले तर कंद हळूहळू जमिनीच्या वर यायला हवा. तसे होत नाही, कारण नव्या कंदाला आकुंचन पावणारी जाड मुळे फुटतात. ती आक्रसली की कंद खाली ओढला जातो. योग्य खोली गाठण्याचे काम झाड स्वतःच करते.

त्याच वेळी कंदाच्या बुडाशी वाटाण्याएवढ्या किंवा त्याहूनही बारीक कंदिका धरतात. झाड हाताने उपटायला गेले की दांडा तुटून हाती येतो, कंदिका मात्र मातीत राहतात. प्रत्येक कंदिका दोन-तीन वर्षांत फुलण्याजोगी होऊ शकते. वाफ्यात कुदळ चालवली की त्या आणखी विखुरतात. म्हणूनच 'काढायला गेलो आणि वाढले' असा अनुभव या झाडाच्या बाबतीत येतो. कंद गोळा करून नेणारे प्राणीही विसरलेल्या साठ्यांतून या प्रसाराला हातभार लावतात. बियांची जोड वेगळीच. बीपासून फूल यायला साधारण तीन वर्षे लागतात. म्हणजे बागेत तुरा 'अचानक' दिसला तरी त्याची तयारी काही वर्षे आधी सुरू झालेली असते.

त्याचे वेळापत्रकही समजून घेण्यासारखे आहे. भूमध्य हवामानात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. पहिल्या पावसानंतर कंद जागा होतो, हिवाळ्यात पाने येतात, वसंतात फुले येतात, उन्हाळ्याच्या तोंडावर पाने पिवळी पडतात आणि कडक उन्हाचे महिने झाड मातीखाली झोपून काढते. धान्याच्या शेताचे वेळापत्रकही हेच. पेरणीबरोबर उठायचे, कापणीच्या सुमारास बी टाकून नाहीसे व्हायचे, अशा रीतीने इटॅलिकस हजारो वर्षे शेतकऱ्याच्या सोबतीने नांदला. बैलाच्या हलक्या नांगराने त्याचे नुकसान होण्याऐवजी कंदिका शेतभर पसरत गेल्या.

शेतातून हद्दपार, अंगणात आसरा

हा जुना सलोखा विसाव्या शतकात मोडला. ट्रॅक्टरची खोल नांगरट, तणनाशके आणि पिकांमधील रिकाम्या काळाचा लोप यांमुळे भूमध्य परिसरातील शेतांत नांदणाऱ्या अनेक कंदवर्गीय फुलझाडांची संख्या घटली. मध्य युरोपातील ओलसर कुरणांत राहणाऱ्या 'ग्लॅडिओलस पालुस्ट्रिस' या जातीची स्थिती त्याहून नाजूक आहे. कुरणांतील पाणी काढून टाकणे आणि खतांचा मारा तिच्या मुळावर आला. युरोपीय समुदायाने १९९२ च्या अधिवास निर्देशात संरक्षित वनस्पतींच्या यादीत तिचा समावेश केला. ब्रिटनमधील एकमेव मूळ जात 'ग्लॅडिओलस इलिरिकस' ही हँपशायरमधील न्यू फॉरेस्ट भागात नेच्यांच्या आडोशाने तग धरून आहे. १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर कायद्याने ती उपटण्यास तेथे मनाई आहे.

घरच्या बागेचे महत्त्व वाढते ते या पार्श्वभूमीवर. ऑलिव्हच्या चार झाडांखालचा तणनाशक न मारलेला तुकडा किंवा कुंपणालगतची न खणलेली पट्टी इटॅलिकसला पुरते. त्याची फुले लांब जिभेच्या, एकट्याने राहणाऱ्या मधमाश्यांना मकरंद देतात. फुलाच्या खालच्या पाकळ्यांवरील फिकट पट्टे म्हणजे या माश्यांसाठी आखलेला रस्ताच. शेतातून हुसकावलेल्या झाडाला आणि त्याच्यावर येणाऱ्या कीटकांना असा आसरा मिळतो. त्यासाठी मालकाला फारसे काही करावे लागत नाही. काही गोष्टी न करण्याचा संयम मात्र पाळावा लागतो.

पहिली गोष्ट म्हणजे गवत कापण्याची घाई करू नये. फुले ओसरल्यावरही पाने हिरवी असतात आणि पुढील वर्षीच्या कंदासाठी अन्न साठवत असतात. ती पिवळी पडेपर्यंत त्या पट्टीत यंत्र फिरवू नये. दुसरी गोष्ट पाण्याची. हिरवळीसाठी उन्हाळाभर तुषारसिंचन चालू राहिले तर झोपलेला कंद कुजतो. तिसरी, खोदकाम. दुसरी रोपे लावायची असतील तर ताटवा सोडून लावावीत. चौथी, बोंडांपैकी थोडी तरी वाळून फुटू द्यावीत, म्हणजे एकाच कंदाच्या नकलांऐवजी बियांची नवी प्रजा तयार होते. ताटवा फारच दाटला तर पाने वाळल्यानंतर कंद काढून वेगळे करता येतात. रानातील कंद खणून बागेत आणणे मात्र सर्वथा टाळले पाहिजे. संरक्षित जातींच्या बाबतीत तो गुन्हाच आहे.

तेच झाड, दुसरा देश

मायदेशी कौतुकाचा हा गुण परदेशी गेला की दोष ठरतो. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात 'रानटी ग्लॅडिओलस' हे नाव तणांच्या यादीत येते. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातून बागेसाठी नेलेल्या 'ग्लॅडिओलस अनड्युलेटस' आणि 'ग्लॅडिओलस कॅरिओफायलेशियस' या जाती तेथे कुंपण ओलांडून बाहेर पडल्या. अनड्युलेटसने रस्त्याकडेच्या ओलसर जागा व्यापल्या. कॅरिओफायलेशियस पर्थ परिसरातील बँक्सिया वृक्षांच्या रानात शिरला. हवामान केपसारखेच, हिवाळी पावसाचे. पाहुण्याला घरच्यासारखे वाटले आणि मूळच्या रहिवाशांची जागा त्याने घेतली. कॅलिफोर्नियातही इटॅलिकस आणि केपमधील 'ग्लॅडिओलस ट्रिस्टिस' या जाती बागांतून निसटून मोकळ्या जागी स्थिरावल्या आहेत.

याच्या उलट चित्र खुद्द केपमध्ये दिसते. तेथील 'फिनबॉस' या झुडुपी वनांत ग्लॅडिओलसची विविधता थक्क करणारी आहे. ट्रिस्टिसची फुले दिवसा साधी दिसतात आणि रात्री पतंगांसाठी सुगंध सोडतात. 'लिलिएशियस' ही जात संध्याकाळी तपकिरी रंग सोडून जांभळट होते. 'कार्डिनॅलिस' धबधब्यांच्या ओल्या कड्यांवर लाल फुलांनी लगडते आणि एका मोठ्या तपकिरी फुलपाखरावर परागीभवनासाठी अवलंबून राहते. या प्रदेशाला २००४ मध्ये जागतिक वारसा स्थळांत स्थान मिळाले. तरीही शेती, वसाहती आणि परदेशी झाडांचे आक्रमण यांनी तेथील अनेक जाती कडेलोटाला आणल्या आहेत. सोनेरी फुलांचा 'ग्लॅडिओलस ऑरियस' केप द्वीपकल्पावर कोमेट्की गावाजवळच्या चिमुकल्या जागेत उरला असून तो अतिसंकटग्रस्त गणला जातो. एकाच वंशातील एक जात परक्या मुलखात हटवायची मोहीम काढावी लागते आणि दुसरी स्वतःच्या घरात शेवटचे दिवस मोजते, असा हा विरोधाभास आहे.

त्यामुळे परदेशस्थ मराठी कुटुंबांनी घरामागील बागेत असा तुरा दिसला तर प्रथम जात ओळखावी आणि स्थानिक तण-यादी पाहावी. इटली, स्पेन वा ग्रीसमध्ये असाल तर त्याला राहू द्यावे. पर्थमध्ये असाल तर बी धरण्यापूर्वी तुरे कापावेत, कंदिकांसह माती चाळून काढावी आणि तो कचरा रानात किंवा ओढ्याकाठी टाकू नये. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉल आणि सिली बेटांवर, बायझँटिनस एकेकाळी फुलांच्या व्यापारासाठी लावला जाई. जुन्या वाफ्यांतून तो शेतबांधांवर पसरला. तेथील लोकांनी त्याला 'शीळ घालणारे जॅक' असे लाडके नाव दिले आहे. परका असूनही घरचा झाल्याचे हे एक सौम्य उदाहरण.

फुलदाणीतल्या दांड्याचे पूर्वज

आपल्याकडील ग्लॅडिओलसचा या रानटी मंडळींशी थेट संबंध आहे. लंडनच्या चेल्सी भागातील जेम्स कोलव्हिल याच्या रोपवाटिकेत १८२३ मध्ये ट्रिस्टिस आणि कार्डिनॅलिस यांचा संकर झाला. आजच्या मोठ्या फुलांच्या वाणांचा पाया घातला तो बेल्जियममधील माळी हर्मन योसेफ बेडिंगहाउस याने, १८३७ च्या सुमारास. त्याने केलेला 'गँडाव्हेन्सिस' हा संकर गेंट येथील लुई व्हान हाउट याने १८४१ मध्ये बाजारात आणला. त्यातील एक पालक 'डॅलेनाय' ही दक्षिण आफ्रिकेपासून इथिओपिया, मादागास्कर आणि अरबस्तानाच्या पश्चिम भागापर्यंत पसरलेली जात. पुढे अनेक जातींचे रक्त मिसळत गेले. फुले मोठी झाली, दांड्यावर दाटीने बसली, रंग वाढले. त्या बदल्यात बहुतेक वाणांनी सुगंध गमावला आणि स्वतःच्या बळावर रानात टिकण्याची ताकदही. युरोपच्या थंडीत संकरित कंद दरवर्षी उकरून घरात ठेवावे लागतात, बायझँटिनस मात्र दंव सोसून जागच्या जागी राहतो.

भारतातही या फुलावर मोठे काम झाले आहे. बंगळूर येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने आरती, अप्सरा, पूनम, सपना असे वाण विकसित केले. महाराष्ट्रात पुणे, नाशिक, सातारा या भागांत ग्लॅडिओलसची शेती होते. काढलेले कंद काही महिने शीतगृहात ठेवून त्यांची झोप मोडावी लागते. ती झोप ही रानातील पूर्वजांचीच देणगी आहे.

मग पुण्याच्या बागेत भूमध्य परिसरातील रानटी ग्लॅडिओलस मोकळा वाढेल का? अडचण आहे ती वेळापत्रकाची. त्याच्या झोपेचे महिने म्हणजे जून ते सप्टेंबर, आणि नेमका तेव्हाच आपल्याकडे मोसमी पाऊस कोसळतो. भर पावसात जमिनीत राहिलेला कंद कुजण्याचीच शक्यता अधिक. हौस असेल तर चांगल्या निचऱ्याच्या कुंडीत ऑक्टोबरमध्ये लावून, पाने वाळल्यावर कुंडी छपराखाली कोरडी ठेवावी लागेल. मित्राकडून पिशवीत कंद मागवण्याचा मोह मात्र आवरावा. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परदेशातून लागवडीचे साहित्य आणण्यासाठी आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र आवश्यक आहे. ग्लॅडिओलसवरील तांबेऱ्यासारखे रोग कंदांच्या आणि फुलांच्या व्यापारातूनच देशोदेशी पोहोचले आहेत.

शिवाय 'आपण होऊन उगवणारे' फूल पाहण्यासाठी इतक्या लांब जाण्याची गरजही नाही. सह्याद्रीतील चवर, रानहळद, कळलावी, दीपकाडी ही मंडळीही जमिनीखाली थांबून राहतात. फरक इतकाच की ती उन्हाळ्यात झोपून पहिल्या पावसाला जागी होतात. डोंगरउतारावरच्या घराच्या आवारात यांतले काही दिसले तर त्यांनाही तोच नियम लागू पडतो. खणण्याआधी ओळख पटवावी, कापण्याआधी बी धरू द्यावे. आपल्या अंगणात जे न लावता आले आहे, ते मूळचे इथले आहे की बाहेरून आलेले, एवढे विचारण्याची सवय लागली तरी पुष्कळ झाडे कुदळीतून वाचतील.

दृष्टिक्षेपात

कुळ : इरिडेसी (आयरिस कुळ)
जाती : सुमारे ३००, बहुसंख्य आफ्रिकेत
बागेत आढळणाऱ्या रानटी जाती : इटॅलिकस, कम्युनिस (बायझँटिनससह)
उंची : साधारण अर्धा ते एक मीटर
फुलांचा काळ : मार्च ते जून, स्थानिक हवामानानुसार
प्रसार : कंद, कंदिका आणि बी
बीपासून फूल : साधारण तीन वर्षे
मूळ प्रदेशात : ताटवा राखावा, पाने पिवळी पडेपर्यंत कापू नये
पश्चिम ऑस्ट्रेलियासारख्या भागात : बी धरण्यापूर्वी तुरे काढावेत, कंदिका मातीत राहू देऊ नयेत